जावा : दोन थ्रेड भरतात, चार उपसतात आणि मधली रांग गंडते

सातारी_कंदी

नमस्कार मंडळी, प्रश्न लांबलचक आहे, सांभाळून घ्या. हापिसात एक जावा प्रोग्राम माझ्या गळ्यात पडलाय, मूळ लिहिणारे केव्हाच सोडून गेले. काम तसं सरळ आहे: दोन फोल्डरमधून जुन्या रजिस्टरांची स्कॅन केलेली पानं उचलायची, त्यांचं ओसीआर (चित्रातून मजकूर ओळखणं) करायचं, मजकूर डेटाबेसात टाकायचा. दोन थ्रेड (प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) पानं वाचून रांगेत टाकतात, चार थ्रेड (यांना वर्कर म्हणतो) रांगेतून काढून ओसीआर करतात. रांग म्हणजे साधी लिंक्डलिस्ट, एकमेकांना जोडलेल्या नोडांची साखळी.

पहिल्या अवतारात रांगेत फक्त फाइलची नावं असायची आणि लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) वगैरे काहीच नव्हतं. वर्कर "रिकामी आहे का" विचारायचा, नसेल तर पहिलं काढायचा. लॅपटॉपवर चालायचं म्हणे. १६ कोअरच्या सर्व्हरवर नेलं तर कधी एकच फाइल दोनदा, कधी नल (म्हणजे काहीच नाही), आणि सगळ्यात भारी म्हणजे एकदा हजारो फाइली रांगेतून गायबच, पण साइझ विचारली तर आकडा जिथल्या तिथे.

मग कोणीतरी दुरुस्ती केली. आता भरणारा थ्रेडच पान मेमरीत उघडून देतो, आणि मेमरी पुरावी म्हणून रांगेत दोनच पानं मावतात (ए-थ्री पान ३०० डीपीआयला रंगीत उघडलं की एकेक ५० एमबीच्या वर जातं). काढण्याचा कोड असा, मोबाईलवरून देवनागरीत उतरवलाय, कंसबिंस समजून घ्या (सिंक्रोनाइज्ड म्हणजे रांगेचं लॉक घेऊन):

सिंक्रोनाइज्ड (रांग) {
  जर (रांग रिकामी) रांग.वेट
  पान = रांग.रिमूव्हफर्स्ट
  रांग.नोटिफाय
}

भरण्याचा कोड याच्याच उलट, "जर (रांगेत २ पानं) रांग.वेट" आणि मग अ‍ॅड, मग नोटिफाय.

आता डेटा हरवत नाही पण मधूनच एखादा वर्कर नोसचएलिमेंट एक्सेप्शन (रिकाम्या रांगेतून काढायला गेल्याची चूक) खाऊन मरतो, आणि सगळे वर्कर मेले की प्रोग्राम नुसता उभा. लॉक आहे तरी असं का? लीड म्हणतात तयार ब्लॉकिंगक्यू (रिकामी किंवा भरलेली असेल तर आपोआप थांबवणारी रांग) वापर आणि मोकळा हो. वापरीन, पण आधी कळू द्या की चुकतंय कुठे.

तिरकस

लॅपटॉपवर चालायचं म्हणे. हे वाक्य फ्रेम करून हापिसात लावा.

कडीपत्ता

आधी पहिला अवतार घेऊ, कारण तो जास्त मजेशीर आहे.

"रिकामी आहे का" आणि "पहिलं काढ" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रांगेत एकच फाइल उरलीय, वर्कर अ ने विचारलं, उत्तर आलं रिकामी नाही, तेवढ्यात ब नेही विचारलं, त्यालाही तेच उत्तर, दोघंही आत, एकाला फाइल मिळाली आणि दुसऱ्याच्या तोंडावर एक्सेप्शन. बरेच जण इथे सिंक्रोनाइज्डलिस्ट गुंडाळतात आणि हुश्श म्हणतात. त्याने काही होत नाही, कारण त्यात प्रत्येक मेथड आपापल्यापुरती सुरक्षित होते, पण तुमचा प्रश्न दोन मेथडींच्या मधल्या फटीचा आहे. विचारणं आणि काढणं एकाच लॉकखाली असेल तरच अर्थ.

आता हजारो फाइली गायब कशा झाल्या ते. लिंक्डलिस्टचा सोर्स उघडून बघा, पहिला नोड काढणारी अनलिंकफर्स्ट नावाची मेथड आहे. ती क्रमाने काय करते: नोडमधला आयटम वाचते, त्याचा नेक्स्ट वाचते, मग कचरा गोळा करणाऱ्याला सोपं जावं म्हणून त्या नोडचा आयटम आणि नेक्स्ट दोन्ही नल करते, मग फर्स्ट पुढे सरकवते आणि शेवटी साइझ एकने कमी करते.

दोन थ्रेड एकाच नोडवर घुसले असं समजा.

दोघांनीही नल व्हायच्या आधी आयटम वाचला तर तुमची एकच फाइल दोनदा. ब जरा उशिरा आला, अ ने आयटम नल करून टाकला होता, तर ब च्या हातात नल. आणि ब ला नेक्स्टच नल दिसला तर? ब समजतो की हा शेवटचा नोड होता, म्हणून तो फर्स्ट नल करतो आणि लास्टही नल करतो. अख्खी साखळी तुटून पडली, तिला धरून ठेवणारं कोणी नाही. साइझ मात्र बिचारी एकदोननेच कमी झालेली. आणि लिंक्डलिस्ट रिकामी आहे का हे साइझ शून्य आहे का यावरूनच ठरतं, त्यामुळे ती म्हणणार "रिकामी नाही", आणि काढायला गेलं की एक्सेप्शन. तुम्ही सांगितलेली तिन्ही लक्षणं या सातआठ ओळींतच आहेत.

बरं, साइझ कमी करणं हेही एक पाऊल नाही. वाचा, एक वजा करा, परत लिहा. दोघांनी एकाच वेळी केलं तर एक वजाबाकी हरवते.

पायथन_पंढरी

म्हणून मी पायथन वापरतो. जीआयएल (पायथनचं ग्लोबल लॉक) आहे, एका वेळी एकच थ्रेड पळतो, हे प्रॉब्लेमच येत नाहीत.

कडीपत्ता

@पायथन_पंढरी येतात हो. जीआयएल बाइटकोडच्या दोन सूचनांच्या मध्ये सुटू शकतो, डीफॉल्टला दर ५ मिलिसेकंदांनी दुसऱ्या थ्रेडला संधी देतात. डेकची (पायथनच्या दोन्ही टोकांनी चालणाऱ्या रांगेची) अपेंड आणि पॉपलेफ्ट एकेकटी अ‍ॅटॉमिक (मध्ये न तुटणारी) आहेत हे खरं. पण "जर डेकमध्ये काही असेल तर पॉपलेफ्ट" लिहिलंत की वरचीच फट, वरचीच मजा, फक्त क्वचित होते म्हणून सापडायला जास्त अवघड. पायथनच्या क्यू मॉड्यूलमधला क्लास तरी आत काय करतो बघा, एक म्यूटेक्स (लॉक) आणि त्यावर तीन कंडिशन (वाट बघायच्या वेगवेगळ्या याद्या): रिकामी नाही, भरलेली नाही, सगळी कामं संपली. जीआयएलने भागलं असतं तर हे कशाला लिहिलं असतं? शिवाय ३.१३ मध्ये जीआयएलशिवायचं बिल्डही प्रयोग म्हणून मिळायला लागलं.

पायथन_पंढरी

बरं बाई, कळलं. बघतो आमच्याकडे कुठे कुठे असं "जर असेल तर काढ" लिहिलंय.

कडीपत्ता

आता दुसरा अवतार. कंदीराव, यात लॉक बरोबर आहे, चूक त्या "जर" मध्ये आहे. तिथे "जोवर" हवं.

वेट म्हणजे काय होतं: थ्रेड लॉक सोडतो आणि झोपतो. कोणी नोटिफाय केलं की तो उठतो, पण उठल्या उठल्या पळत नाही, त्याला लॉक परत मिळवायला लागतं. नळाला पाणी आलं अशी हाक ऐकून कळशी घेऊन जिना उतरेपर्यंत मधल्या मजल्यावरचे भरून मोकळे झालेले असतात, तसं. एक पान आलं, झोपलेल्या अ ला हाक गेली, पण अ ला लॉक मिळायच्या आत नुकतंच ओसीआर संपवून आलेला ब थेट लॉक घेऊन ते पान घेऊन गेला. अ ला लॉक मिळालं, "जर" तर त्याने आधीच ओलांडलाय, तो परत बघत नाही, सरळ काढायला जातो आणि मरतो.

यामागे जुना वाद आहे. टोनी होर यांनी १९७४ मध्ये मॉनिटरची कल्पना मांडली त्यात सिग्नल दिला की वाट बघणाऱ्यालाच ताबडतोब ताबा मिळायचा, मध्ये कोणी घुसू शकत नव्हतं. तिथे "जर" चाललं असतं. पुढे झेरॉक्स पार्कमध्ये मेसा भाषेवर काम करताना लॅम्पसन आणि रेडेल यांनी ते बदललं, १९८० च्या त्यांच्या पेपरमध्ये आहे: नोटिफाय ही फक्त सूचना, उठलेल्याने अट पुन्हा तपासायची. राबवायला हे कितीतरी सोपं, आणि जावा, पीथ्रेड्स (युनिक्सवरचे सीचे थ्रेड), सी++ सगळ्यांनी हीच रीत घेतली. त्यात भर म्हणजे पीथ्रेड्सचं स्टँडर्ड स्पष्ट सांगतं की कोणी हाक न मारताही थ्रेड उठू शकतो. जावाच्या डॉक्युमेंटेशनमध्येही तेच, वेट कायम लूपमध्ये.

तेव्हा दोन्हीकडे जोवर करा आणि सांगा काय होतंय.

तिरकस

आता उद्या येऊन सांगतील की एक्सेप्शन गेला पण प्रोग्राम लटकला. बघा.

सातारी_कंदी

तिरकसराव, तुमच्या जिभेवर काळा तीळ आहे का? जोवर केलं दोन्हीकडे. एक्सेप्शन पूर्ण बंद, एकही वर्कर मरत नाही. पण आज दुपारी लटकला. जेस्टॅक (थ्रेड काय करतायत ते दाखवणारं जावाचं साधन) मारून डंप काढला तर सहाच्या सहा थ्रेड वेटिंगमध्ये, सगळे त्याच एका रांगेच्या ऑब्जेक्टवर. सीपीयू शून्य. रांगेत किती पानं ते बघितलं तर शून्य. मग भरणारे कशाची वाट बघतायत? जागा तर आहे!

जुना_सी_वाला

नोटिफाय. एकच उठवतो आणि कोणाला ते त्याच्या मर्जीवर. नोटिफायऑल करा.

सातारी_कंदी

काका, जरा उलगडून सांगा ना. चार वर्करपैकी कोणीही उठला तरी काम तेच करणार ना?

कडीपत्ता

मी सांगते. गडबड ही की तुमच्या एकाच वेटिंग यादीत दोन जातीचे लोक झोपतात, "पान हवंय" वाले आणि "जागा हवीय" वाले. नोटिफायला ते वेगळे कळत नाहीत. तुमचेच आकडे घेऊन कागदावर करू, मर्यादा २, भरणारे भ१ भ२, काढणारे क१ ते क४.

सुरुवातीला रांग रिकामी, चारही क झोपलेले. भ१ ने पान टाकलं, हाक गेली क१ ला. भ२ ने टाकलं, हाक गेली क२ ला. दोघंही अजून लॉकसाठी ताटकळतायत, तेवढ्यात भ१ पुढचं पान घेऊन आला, रांग भरलेली, झोपला. भ२ ही झोपला. आता यादीत कोण? क३, क४, भ१, भ२.

क१ ला लॉक मिळालं, त्याने पान काढलं, जागा झाली, नोटिफाय केलं. हाक जायला हवी होती भ१ किंवा भ२ ला, पण गेली क३ ला. क२ ने दुसरं पान काढलं, नोटिफाय केलं, हाक गेली क४ ला. रांग रिकामी. क३ उठला, तुमच्या नव्या "जोवर" ने इमानदारीत बघितलं, रिकामी, परत झोपला. क४ तसाच. क१ आणि क२ ओसीआर संपवून आले, रिकामी, झोपले.

सहाही झोपलेले, रांग रिकामी, हाक मारायला जागं कोणीच नाही. तुमचा डंप.

आधी हे का दिसलं नाही, तर आधी क३ उठून एक्सेप्शन खाऊन मरायचा. तोच प्रसंग, फक्त निकाल वेगळा. आणि मर्यादा २ च्या ऐवजी १०० असती तर हा योग जवळजवळ आलाच नसता, कारण रांग भरेपर्यंत इतक्या हाका जातात की चारही काढणारे जागे होऊन जातात. मर्यादा थ्रेडपेक्षा कमी असली की हा बग हमखास डोकं वर काढतो. म्हणून टेस्ट करताना मर्यादा मुद्दाम १ ठेवायची आणि थ्रेड भरपूर सोडायचे, दोन मिनिटांत निकाल.

उपाय दोन. एक, काकांनी सांगितला तो, नोटिफायऑल. सगळे उठतात, आपापली अट बघतात, ज्याचं काम नाही तो परत झोपतो. फुकटची धावपळ होते पण चुकत नाही. दुसरा, रीएंट्रंटलॉक घ्या आणि त्यावर दोन कंडिशन बनवा, एक "रिकामी नाही" आणि एक "भरलेली नाही", भरणारा पहिलीवर सिग्नल करतो आणि दुसरीवर झोपतो, काढणारा उलट. मग एकाच माणसाला उठवलं तरी तो योग्य जातीचाच असतो.

अ‍ॅरेब्लॉकिंगक्यू आत हेच करतो बरं का, एक लॉक आणि दोन कंडिशन. तुमचे लीड बरोबर सांगतायत. २००४ च्या जावा ५ मध्ये डग ली आणि मंडळींनी हे सगळं स्टँडर्ड लायब्ररीत आणलं, त्यानंतर वेट नोटिफाय हाताने लिहायचं कारण शिकणं हेच उरलंय.

तिरकस

तीळ नाही, अनुभव आहे.

सातारी_कंदी

कागदावर करून बघितलं, डोक्यात लख्ख प्रकाश. शतशः धन्यवाद ताई. आता अ‍ॅरेब्लॉकिंगक्यू लावतोय. लिंक्डब्लॉकिंगक्यू पण दिसतो, तो घेऊ का? कुठेतरी वाचलं की तो फास्ट.

रात्रपाळी

इथे मी बोलतो, कारण या प्रश्नाचं बिल शेवटी आमच्यासारख्या रात्री पेजर सांभाळणाऱ्यांकडे येतं.

फास्टचं सोडा. लिंक्डब्लॉकिंगक्यूमध्ये टाकायला एक लॉक आणि काढायला वेगळं लॉक असतं, त्यामुळे दोन्ही बाजू एकमेकींना कमी अडवतात, इतकंच. तुमचं ओसीआर एका पानाला सेकंदाच्या आसपास घेत असेल, लॉक घेण्यासोडण्याला गर्दी नसताना दहावीस नॅनोसेकंद लागतात, तिथे फरक शोधत बसू नका. खरा फरक हा की लिंक्डब्लॉकिंगक्यूला मर्यादा दिली नाही तर तो २,१४,७४,८३,६४७ पर्यंत वाढायला तयार असतो, म्हणजे व्यवहारात मेमरी संपेपर्यंत. ५० एमबीची पानं. गुणाकार तुम्हीच करा. अ‍ॅरेब्लॉकिंगक्यू मर्यादा मागितल्याशिवाय बनतच नाही, मला त्याचं हेच आवडतं.

हाच सापळा एक्झिक्युटर्सच्या न्यूफिक्स्डथ्रेडपूलमध्ये (ठरावीक थ्रेडांचा जावाचा तयार ताफा) लपलाय. थ्रेड चारच, छान वाटतं, पण त्याच्यामागची रांग अमर्याद. बाहेरून काम येतच राहतं, रांग फुगत राहते, ग्राफ सगळे हिरवे, आणि पहाटे आउटऑफमेमरी. त्याऐवजी थ्रेडपूलएक्झिक्युटर हाताने बनवा, मर्यादित रांग द्या आणि ती भरली की काय करायचं ते ठरवा. कॉलररन्स पॉलिसी लावली तर रांग भरल्यावर काम देणाऱ्यालाच ते काम करावं लागतं, आपोआप त्याचा वेग कमी होतो.

बरं, "मोठी मर्यादा ठेवू म्हणजे झालं" असंही नाही. साधा हिशोब आहे, जॉन लिटलने १९६१ मध्ये सिद्ध केलेला: रांगेतली सरासरी संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले रांगेतला वेळ. तुमचे चार वर्कर मिळून सेकंदाला ४ पानं उपसतात आणि रांगेत १००० पानं आहेत, तर शेवटच्याला २५० सेकंद थांबायचंय. समोर कोणी माणूस उत्तराची वाट बघत असेल तर तो चार मिनिटांत तीनदा रिफ्रेश मारून अजून तीन कामं टाकून मोकळा होतो. रांग लांब केल्याने वर्करचा वेग वाढत नाही, फक्त बोंब उशिरा ऐकू येते. तुमचं बॅचचं काम आहे म्हणून ठीक, पण मर्यादा कमीच ठेवा.

मेथडींचं भान ठेवा. पुट आणि टेक थांबतात. ऑफर जागा नसेल तर फॉल्स देतो आणि पुढे जातो, पोल काही नसेल तर नल देतो. अ‍ॅड जागा नसेल तर एक्सेप्शन फेकतो. ऑफर वापरून परत आलेलं उत्तर न तपासणं हा डेटा हरवण्याचा सगळ्यात शांत प्रकार आहे, लॉगमध्ये एक ओळ येत नाही.

आणि बंद कसं करणार ते ठरवलंय का?

सातारी_कंदी

नाही हो. सध्या एक बूलियन फ्लॅग आहे "संपलं" नावाचा, भरणारे संपले की तो ट्रू होतो. वर्कर लूपमध्ये तो बघतात.

रात्रपाळी

वर्कर टेकमध्ये झोपलेला असेल तर फ्लॅग बघणार कधी? झोपेत? आणि फ्लॅग व्होलाटाइल (बदल इतर थ्रेडना दिसावा अशी खूण केलेला) नसेल तर जागा असलेल्यालाही बदललेला दिसेल याची खात्री नाही.

विषाची गोळी हा नेहमीचा उपाय. एक खास पान बनवायचं, "हे आलं की थांबायचं" असं, आणि ते रांगेतूनच पाठवायचं. मग आधीची सगळी पानं संपल्यावरच ते हातात येतं, मध्ये काही सुटत नाही. पण तुमच्याकडे चार वर्कर आहेत, गोळ्या चार लागतील, किंवा खाणाऱ्याने मरायच्या आधी परत रांगेत टाकायची. आणि भरणारे दोन आहेत, म्हणजे पहिल्याने संपल्या संपल्या गोळ्या टाकल्या तर दुसऱ्याची पानं गोळ्यांच्या मागे अडकली आणि घेणारं कोणी नाही. तेव्हा उरलेल्या भरणाऱ्यांचा एक अ‍ॅटॉमिक काउंटर ठेवा, जो तो शून्यावर आणेल त्याने गोळ्या टाकायच्या.

मध्येच मारायचं असेल तर इंटरप्ट (थ्रेडला थांबायचा इशारा). टेक आणि पुट इंटरप्टेडएक्सेप्शन देतात. तो कॅच करून रिकामा कंस ठेवणारे लोक मला भेटायचेत एकदा.

पायथन_पंढरी

याला आमच्याकडे ३.१३ मध्ये क्यूवर थेट शटडाउन मेथड आलीय, गोळ्याबिळ्या मोजायला नकोत. एवढं तरी श्रेय द्या.

रात्रपाळी

दिलं.

जुना_सी_वाला

सी++ वाल्यांसाठी एक भर टाकतो, कारण हा धागा शोधून तेही येतील. स्टँडर्ड क्यूमध्ये फ्रंट वेगळं आणि पॉप वेगळं, पॉप काहीच परत देत नाही. नवीन पोरं चिडतात. कारण असं की पॉपने व्हॅल्यू परत दिली आणि ती कॉपी होताना एक्सेप्शन आला तर वस्तू रांगेतूनही गेली आणि हातातही आली नाही. एकाच थ्रेडमध्ये ही विभागणी शहाणपणाची, अनेक थ्रेड आले की तीच फट. म्हणून आपला क्लास लिहून फ्रंट, मूव्ह, पॉप तिन्ही एका लॉकखाली घ्या. २०११ च्या स्टँडर्डपासून कंडिशनव्हेरिएबलच्या वेटला अट थेट देता येते, ती दिली की जोवरचा लूप तो स्वतः करतो. त्यासाठी युनिकलॉक लागतं, लॉकगार्ड चालत नाही, कारण झोपताना लॉक सोडायचं असतं. आणि थ्रेडसॅनिटायझर लावून टेस्ट चालवा, शर्यती (थ्रेडांच्या अशा टकरी) तो बोट ठेवून दाखवतो.

अवांतर: रांगेच्या आतल्या लॉकने काय होऊ शकतं याचा जगातला नामी किस्सा मंगळावर घडलाय. नासाचं पाथफाइंडर यान ४ जुलै १९९७ ला उतरलं आणि काही दिवसांत आपोआप रीसेट व्हायला लागलं. हवामानाची माहिती गोळा करणारं कमी प्राधान्याचं काम आपला डेटा पाइपमधून घ्यायचं, त्या पाइपच्या यंत्रणेतलं म्यूटेक्स त्याने धरलेलं. बसची (यानातले भाग जोडणाऱ्या डेटावाहिनीची) देखरेख करणाऱ्या वरच्या प्राधान्याच्या कामाला तेच म्यूटेक्स हवं. एवढ्यात मधल्या प्राधान्याची कामं सुरू होऊन हवामानवाल्याला पळूच देईनात, तो पळेना म्हणून म्यूटेक्स सुटेना, वरचा अडकून पडला, आणि वेळेत काम झालं नाही हे बघून सिस्टिमने स्वतःला अख्खं रीसेट केलं. व्हीएक्सवर्क्समध्ये (यानाच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये) म्यूटेक्सला प्राधान्य वारसा देण्याची, म्हणजे म्यूटेक्स धरणाऱ्याला तेवढ्यापुरतं वाट बघणाऱ्याचं प्राधान्य द्यायची सोय होती पण त्या म्यूटेक्सला ती बंद होती. जेपीएलच्या (नासाच्या प्रयोगशाळेच्या) लोकांनी पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रावर तोच प्रकार घडवून आणला, कारण पकडलं आणि इथून ती सोय चालू केली.

उकडीचा_मोदक

हे सगळं वाचून प्रश्न पडला, लॉकच नको, लॉकफ्री क्यू वापरली तर? कॉन्करंटलिंक्डक्यू आहे ना जावात.

जुना_सी_वाला

आहे, मायकल आणि स्कॉट यांच्या १९९६ च्या अल्गोरिदमवर बेतलेली, उत्तम आहे. पण तिला मर्यादा नाही आणि ती थांबत नाही, रिकामी असेल तर पोल नल देणार. मग तुमचा वर्कर "आहे का, आहे का" करत सीपीयू जाळत फिरणार, किंवा तुम्ही मध्ये स्लीप टाकणार. शिवाय तिची साइझ विचारली की ती अख्खी साखळी मोजत जाते. लॉकफ्री स्वतः लिहायच्या भानगडीत पडू नका, फक्त एक भरणारा आणि एकच काढणारा असेल तर गोल बफर आणि दोन अ‍ॅटॉमिक इंडेक्स, तेवढं माणूस लिहू शकतो. तिथेही ते दोन इंडेक्स एकाच ६४ बाइटच्या कॅशलाइनवर (प्रोसेसर एका वेळी मेमरीतून उचलतो तो तुकडा) बसले की दोन कोअर ती ओळ एकमेकांकडून खेचत बसतात.

सातारी_कंदी

अपडेट. अ‍ॅरेब्लॉकिंगक्यू, मर्यादा २, पुट आणि टेक, काउंटर, चार गोळ्या. रात्रभर चालवला, लटकला नाही, सकाळी नीट बंद झालेला. सगळी पानं डेटाबेसात, संख्या जुळते.

पण. काही पानांचा मजकूर चुकीचा. फाइलचं नाव एका पानाचं आणि मजकूर त्याच फोल्डरमधल्या पुढच्या पानाचा. दोनतीन ठिकाणी तर वरचं अर्धं एका पानाचं आणि खालचं दुसऱ्याचं. आधीही होत असणार, पण आधी प्रोग्राम इतका वेळ टिकायचाच नाही. रांग तर आता थ्रेडसेफ आहे ना?

कडीपत्ता

रांग आहे. रांगेतली वस्तू नाही. भरणाऱ्या थ्रेडचा वाचण्याचा कोड बघा, दर पानाला नवीन बाइट अ‍ॅरे घेतो का लूपच्या बाहेर एकच घेऊन त्यातच परत परत वाचतो?

सातारी_कंदी

लूपच्या बाहेर एकच. वर कॉमेंट आहे, "मेमरी वाचवण्यासाठी".

कडीपत्ता

सापडलं मग. रांगेत पान जात नाही, पानाचा पत्ता जातो. पुट आणि टेक मिळून एवढीच हमी देतात की पुटच्या आधी भरणाऱ्याने जे जे लिहिलं ते टेकनंतर काढणाऱ्याला दिसेल. पुटच्या नंतर तुम्ही त्याच अ‍ॅरेत खरडलंत तर त्याला ती जबाबदार नाही. वर्कर वरच्या ओळी ओसीआर करत असतानाच भरणाऱ्याने त्याच अ‍ॅरेत पुढचं पान ओतलं, म्हणून तुमचं अर्धं अर्धं पान. पुट केलं की ती वस्तू आपली नाही, हात लावायचा नाही.

सगळ्यात सोपं म्हणजे अ‍ॅरे लूपच्या आत घ्या, दर पानाला नवीन. कचरा गोळा करणारा बघून घेईल.

जुना_सी_वाला

५० एमबीचे अ‍ॅरे सतत नवीन घेणं जड जात असेल तर दुसरी रांग करा, रिकाम्या बफरांची. सुरुवातीला आठ बफर त्यात टाका: रांगेत दोन, चार वर्करच्या हातात चार, भरणाऱ्यांच्या हातात दोन. म्हणजे ४०० एमबीच्या थोडं वर, त्यापुढे मेमरी जाणारच नाही. भरणारा रिकाम्या रांगेतून टेक करतो, भरतो, कामाच्या रांगेत पुट करतो. वर्कर ओसीआर झालं की बफर रिकाम्या रांगेत परत टाकतो.

कडीपत्ता

हे छान आहे, फक्त परत टाकणं फायनली ब्लॉकमध्येच (चूक झाली तरी चालतोच असा भाग) घ्या. ओसीआर एखाद्या खराब पानावर एक्सेप्शन फेकतं, तो बफर परत गेला नाही तर कायमचा गेला, आणि असे आठ गेले की भरणारे रिकाम्या बफराच्या टेकवर आणि वर्कर पानाच्या टेकवर बसून राहतील. आणि पानाचे खरे बाइट किती ते बफरसोबत पाठवा, नाहीतर लहान पानाच्या शेपटाला आधीच्या मोठ्या पानाचं उरलेलं चिकटून येईल.